गाडी नुसतीच ‘टक’ करते तेव्हा

टोमॅटोच्या हंगामात आमच्या गटाची जुनी पिकअप सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं ‘टक’. पिंपळगाव बसवंतचा लिलाव चुकला, तर माल पडून राहणार! आम्ही हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवली, तर दिवे मंदावले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढला होता.

धातूच्या बांगड्या काढून ठेवल्या. आधी निगेटिव्ह वायर सोडवली, मग पॉझिटिव्ह. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने, जुन्या ब्रशने घासलं, कोरडं पुसलं. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. गाडी सुरू झाली, लिलावही गाठला.

दिवे लख्ख असूनही ‘टक’च झालं, तर स्टार्टर दाखवून घ्या. गाडी चालू असताना बॅटरीचा दिवा विझला नाही, तर अल्टरनेटर आणि पट्टा तपासा. बॅटरीजवळ काडी मात्र कधीच पेटवू नका.