सहीचा अधिकार आणि बागेची किंमत
(दापोली येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की दापोली तालुक्यातील अनेक घरांच्या ओटीवर एकच चर्चा सुरू होते. मुलाला गणित-विज्ञानात बरे गुण आहेत. वैद्यकीय शिक्षण आवाक्याबाहेर आहे. साध्या पदवीवर नोकरीचा भरवसा नाही. अशा वेळी मुंबईहून आलेला कोणी चाकरमानी नातलग सांगतो की नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली, आता विमाने दुरुस्त करणारी माणसे लागणार. पोराला त्या शिक्षणाला घाला. पाठोपाठ जाहिरातीचे पत्रक हाती येते. त्यावर विमानाचे चित्र असते, पगाराचा आकडा असतो आणि नोकरीची हमीही असते. फीचा आकडा मात्र प्रत्यक्ष चौकशीला गेल्यावर कळतो, आणि तो लाखांत असतो. मग घरातील वडीलधारी माणसे काजूच्या बागेकडे पाहू लागतात.

असा मुलगा सल्ला विचारायला कार्यकर्त्याकडे आला, तर त्याला काय सांगावे? हा तुमचा घरगुती प्रश्न आहे, असे म्हणून त्याची बोळवण करणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. ज्या तालुक्यातील पालगड गावी साने गुरुजींचा जन्म झाला आणि ज्या दापोलीत त्यांचे शालेय शिक्षण झाले, तेथे तरी गरिबाच्या मुलाचे शिक्षण हा सार्वजनिक प्रश्न मानला गेला पाहिजे.

वस्तुतः व्यवसायाची निवड ही गोष्ट कोकणाच्या वाट्याला फारशी आलीच नाही. मुलगा हाताशी आला की बोटीत बसून मुंबई गाठी, गावकीच्या खोलीत पथारी टाकी आणि ज्या गिरणीत गाववाला असेल त्या गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राही. त्याच्या मनीऑर्डरीवर गावचे घर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्या कामगारांच्या हाती कसब नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या कसबाचा दाखला मालकाच्या हजेरीपटावर होता. हजेरीपट बंद झाला आणि वीस वर्षांचा विणकर एका दिवसात अकुशल ठरला.

विमान देखभाल अभियंत्याचा व्यवसाय या बाबतीत मुळातच वेगळा आहे. त्याचा परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तो देते. कंपनी देत नाही आणि कंपनी बुडाल्याने तो बुडत नाही. देखभालीचे काम झाल्यावर विमान उड्डाणास योग्य आहे, असे प्रमाणपत्र परवानाधारकाच्या सहीनेच निघते. ती सही झाल्याखेरीज वैमानिक विमान नेऊ शकत नाही, मग प्रवासी खोळंबलेले असोत की व्यवस्थापक तळमळत असोत. श्रमिकाच्या हाती कायद्याने इतका अधिकार दिलेले व्यवसाय फार थोडे आहेत. म्हणून या व्यवसायाची ओढ वाटणाऱ्या मुलाला हसू नये. त्याची ओढ योग्य आहे.

पण येथेच एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. शिक्षणसंस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेला विद्यार्थी महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रवेश घेतो. यंत्रभागाचा परवाना आणि विमानातील विद्युदाणवीय उपकरणांचा परवाना असे दोन मुख्य रस्ते असतात. पुढे एकेका विषयाची परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकीत ७५ टक्के गुण लागतात. त्याखेरीज चालत्या विमानांवरील, वर्षांत मोजला जाणारा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. एवढे झाल्यावर मूळ परवाना हाती येतो. एखाद्या विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानावर सही करायची, तर त्या जातीचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते.

या साखळीतील दोन कड्या विद्यार्थ्याच्या हातात नाहीत. अनुभव घ्यायला विमान लागते आणि विमान कंपनीच्या मालकीचे असते. विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण महाग असते. ते कंपनीने दिले, तर बहुधा अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही असा करारही लिहून घेते. फी भरून, परीक्षा देऊन, अनुभवाच्या उंबरठ्यावर अडकलेला तरुण मग सहीच्या अधिकाराविना दुसऱ्याच्या हाताखाली, कधी कंत्राटदाराच्या पटावर, राबत राहतो. पत्रकावरचा पगार सही करणाऱ्याचा असतो. पत्रक वाचणारा मात्र तो आपलाच आहे असे समजतो.

ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच भ्रमाचे विवेचन केले आहे. तरुण माणूस व्यवसाय निवडतो त्याच वयात धोक्याची पर्वा सर्वांत कमी आणि यशाची आशा सर्वांत अधिक असते, असे त्याचे निरीक्षण आहे. जोड्यांच्या कारागिराकडे उमेदवारी करणारा मुलगा जोडे करायला शिकेल याची जवळजवळ खात्री असते. वकिलीचे तसे नाही. ज्या धंद्यात वीस जण अपयशी होऊन एकजण यशस्वी होतो, तेथे त्या एकाची मिळकत वीस जणांची तूट भरून काढण्याएवढी असली तरच ती सोडत न्याय्य म्हणता येईल, आणि प्रत्यक्षात ती तशी नसते, असे त्याने म्हटले आहे. मुक्त बाजाराचा आद्य पुरस्कर्ता जे स्पष्ट सांगतो, ते आजचे जाहिरातदार दडवतात. एकाच्या यशाचे छायाचित्र पत्रकावर छापले जाते. बाकीच्यांची बाग कोणी विकत घेतली, हे छापले जात नाही.

विमाने वाढणार हे खोटे नाही. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. परंतु याच देशात किंगफिशरची उड्डाणे २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. मागणी वाढत असतानाही कंपन्या कोसळू शकतात आणि एकेका कोसळण्यासरशी हजारो अनुभवी माणसे एकाच वेळी नोकरीच्या रांगेत येतात. त्या रांगेत परवानाधारकाला आज ना उद्या दुसरे दार उघडते. नवशिक्याला मात्र रांगेच्या शेवटी जावे लागते.

किंगफिशरच्या अखेरीतून आणखी एक धडा मिळतो. कित्येक महिने पगार थकल्यावर सप्टेंबर २०१२च्या शेवटी तेथील अभियंत्यांनी काम थांबवले आणि काही तासांत सारी कंपनी जमिनीवर आली. मोठमोठ्या जाहिरातींनी आणि कर्जांनी उभारलेला डोलारा शेवटी त्या सहीवर उभा होता. थकलेले वेतन त्यामुळे हाती पडले असे नव्हे. पण उपाशी माणसाकडून सुरक्षिततेची हमी घेता येत नाही, ही गोष्ट साऱ्या देशाला कळली.

सहीचा अधिकार आहे तेथे सहीचे ओझेही आहे. विमाने दिवसा उडतात, म्हणून देखभालीचे पुष्कळसे काम रात्री चालते. काम संपल्यावर हत्यारे मोजतात. एक पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. हर्णैच्या बंदरात हंगामापूर्वी होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवणाऱ्या सुताराला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही; आपल्या हातच्या चुकीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, हे तो जाणतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सुदैवाने तो वाचला. आदल्या दिवशीच ती काच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट योग्य जाडीपेक्षा बारीक होते. रात्रपाळीच्या प्रमुखाने मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे ते काम स्वतः केले होते आणि पुस्तिकेतील क्रमांक न पाहता जुन्या बोल्टाशी डोळ्यांनी जुळवून नवे घेतले होते. दुसऱ्या कोणी ते काम तपासावे, असा नियम त्या कामाला लागू नव्हता. चूक त्याची होतीच. पण अपुरी माणसे आणि दुहेरी तपासणीचा अभाव ही चूक कोणाची? कंपनीने माणसे कमी करावीत आणि जबाबदारी मात्र सही करणाऱ्या एकट्याची असावी, ही व्यवस्था न्यायाची नाही. म्हणून या व्यवसायात शिरणाऱ्याला संघटनेची गरज गिरणी कामगाराहून तसूभरही कमी नाही. ‘विमान सोडणार नाही’ असे म्हणण्याचे बळ एकट्याच्या अंगी फार काळ टिकत नाही.

मग गरीब घरच्या मुलाने या वाटेला जावेच कसे? पूर्वी काही दारे सार्वजनिक होती. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावरील कर्मशाळांत सार्वजनिक पैशावर कुशल माणसे घडली. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत भरती झालेला वायुसैनिक फी न भरता विमानाचे शिक्षण घेई आणि वीस वर्षांची नोकरी मिळवी. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने ती मुदत चार वर्षांवर आणली. पुढे कायम होण्याची संधी चौघांत एकालाच. त्याच वर्षी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. अभियांत्रिकी सेवा देणारी तिची उपकंपनी त्या व्यवहारात विकली गेली नाही. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रही तिच्याच कक्षेतले. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आयटीआय झालेल्या मुलांना तेथे विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. ही उरलेली दारे राखणे आणि रुंद करणे, हे पक्षाचे काम आहे.

आता त्या मुलाला द्यायचे उत्तर. या व्यवसायात जावे. पण बाग विकून जाऊ नये. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने ज्यांच्या बागा आडव्या केल्या, त्यांना ठाऊक आहे की नवे झाड भरघोस फळाला यायला किती वर्षे जातात. सोडत हरली, तर परत उभे राहायला जमीन हवी. संस्थेत पाऊल टाकण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: संस्थेला महासंचालनालयाची आजची मान्यता कोणत्या शाखेपुरती आहे, प्रत्यक्ष अनुभव कोणत्या कंपनीच्या विमानांवर आणि कोणत्या लेखी कराराने मिळणार आहे, आणि गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थ्यांपैकी किती जणांच्या हाती परवाना आला. नोकऱ्या किती लागल्या, हा आकडा मागू नये; परवान्यांचा मागावा. तो देण्यास जी संस्था टाळाटाळ करील तिच्या दारातून परत फिरावे. मान्यता चोख असेल, परवाने खरोखर निघत असतील आणि फी कर्ज व शिष्यवृत्तीच्या आवाक्यात बसत असेल, तर जरूर जावे, आणि सोबत एखादी पदवी पदरात पाडून घ्यावी. ते जमत नसेल, तर आयटीआय आणि उमेदवारीची वाट लांबची असली तरी कर्जाच्या बोजाची नाही.

मराठी माध्यमातील मुलाने इंग्रजीला भिऊन मागे सरू नये. विमानांच्या देखभाल पुस्तिका जगभरच्या कामगारांना वाचता याव्यात, म्हणून मर्यादित शब्दांच्या सोप्या इंग्रजीत मुद्दाम लिहिलेल्या असतात. आणि ओटीवरची ही चर्चा बहुधा मुलाबद्दलच होते, हेही खटकले पाहिजे. पाना फिरवायला आणि पुस्तिका वाचायला जे लागते ते मुलीपाशीही असते. परवान्याचे नियम दोघांना एकच आहेत.

कार्यकर्त्यांनी पुढच्या निकालापूर्वी दोन कामे करावीत. मान्यताप्राप्त संस्थांची महासंचालनालयाची अद्ययावत यादी मिळवून तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात लावावी. या भागातून जाऊन आज विमानांवर सही करणारे आणि त्या वाटेवर मधेच अडकलेले, अशा दोघांनाही गणपतीत गावी आल्यावर मुलांसमोर बोलायला बोलवावे. मागणी मात्र सरकारकडे करावी: फी घेणाऱ्या प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेला आपल्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या परवान्यांचा आकडा दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन घालावे, आणि विमानांचा ताफा बाळगणाऱ्या प्रत्येक कंपनीला ताफ्याच्या प्रमाणात सवेतन उमेदवार घ्यायला लावावे. ज्यांच्या सहीवाचून विमान उडत नाही, त्यांना घडवण्याचा खर्च विमानातून नफा मिळवणाऱ्यांनी सोसावा. तो दापोलीच्या बागांनी का म्हणून सोसायचा?