छेदात कोण आहे?



 नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत अध्यक्षाने नव्या शस्त्रक्रियेवर किंवा नव्या इंजेक्शनवर बोलावं अशी अपेक्षा असते. मी मात्र अपूर्णांकाबद्दल बोलणार आहे. डायबेटिक रेटिनोपथीचं, म्हणजे मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराचं, समाजातलं प्रमाण मोजताना रेघेच्या वर कोण असतं आणि खाली कोण, एवढाच माझा विषय.

या अधिवेशनात वाचल्या जाणाऱ्या बऱ्याच शोधनिबंधांची सुरुवात एखाद्या टक्केवारीने होईल. कुणी १८ टक्के म्हणेल, कुणी १२.५, कुणी जगाचा आकडा म्हणून ३४.६. तिघंही खरं बोलत असतील, आणि तरीही एकमेकांशी बोलत नसतील.

१८ चा आकडा चेन्नईचा. शंकर नेत्रालयाच्या ‘एसएन-ड्रीम्स’ पाहणीत चाळिशीपुढच्या शहरी मधुमेहींपैकी १८ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर विकार आढळला. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, ३.५ टक्के. माणसं तीच, फोटो तेच. फक्त दुसऱ्या वेळी छेदात मधुमेहींऐवजी त्या वयाची सगळी लोकसंख्या धरली आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आजार पाचपटीने घटला’ असा निष्कर्ष काढणारा कुणी ना कुणी भेटतोच.

बरं, मधुमेहींचाच छेद घ्यायचा ठरवलं, तरी मधुमेही कुणाला म्हणायचं? ‘तुम्हाला शुगर आहे का?’ हे दारात उभं राहून विचारणं सोपं आणि स्वस्त. पण ‘हो’ म्हणणारा बहुधा जुना रुग्ण असतो, आणि हा आजार वर्षांच्या हिशेबाने वाढतो. चेन्नईच्याच ‘क्युअर्स’ पाहणीने हा फरक नेमका दाखवला. तिथे घरोघरच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. ज्यांना आपला मधुमेह आधीच ठाऊक होता, त्यांच्यात रेटिनोपथी २०.८ टक्के निघाली. ज्यांना त्या तपासणीतच तो कळला, त्यांच्यात ५.१, दोघं मिळून १७.६. केरळातल्या पालक्काडच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या, स्वतःहून मधुमेह सांगणाऱ्या लोकांमध्ये हेच प्रमाण २६.८ होतं. एवढ्यावरून पालक्काडचे डोळे चेन्नईपेक्षा वाईट, असं मी तरी म्हणणार नाही.

आणि ५.१ हा नव्या रुग्णांचा आकडाही सगळीकडे चालत नाही. ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ या मधुमेहाच्या अभ्यासात नुकतंच निदान झालेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांच्या डोळ्यांत खुणा आधीच होत्या. तिथे रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचल्यावर निदान झालं होतं. चेन्नईत तक्रार नसलेल्यांचंही रक्त घेतलं गेलं. ‘नवा रुग्ण’ किती नवा, हे त्याला कुणी आणि कधी गाठलं यावर ठरतं.

आता अंशाकडे येऊ, म्हणजे विकार आहे हे कसं ठरवतो याकडे. १९६८ साली अमेरिकेत एअरली हाउस इथे तज्ज्ञ जमले आणि या विकाराच्या वर्गीकरणाचा पाया घातला गेला. पुढे रोनाल्ड आणि बार्बरा क्लाइन यांनी विस्कॉन्सिनच्या अकरा काउंटींत १९८० पासून जी पाहणी केली, ती आपल्या विषयाची मूळ शाळा. प्रत्येक डोळ्याच्या सात भागांचे दुहेरी फोटो आणि ठरलेल्या पद्धतीने ग्रेडिंग. ‘क्युअर्स’ने चार भागांचे फोटो घेतले. आज आपण बाहुली न वाढवता हातातल्या कॅमेऱ्याने एक-दोन फोटो काढून पुढच्या घरी जातो. यात वाईट काही नाही. त्यामुळेच वाड्यावस्त्यांवर पोहोचता येतं. पण कडेचे रक्तस्राव त्या फोटोत येत नाहीत, हे आकड्याशेजारी लिहायला हवं.

याहून मोठी अडचण वाचता न येणाऱ्या फोटोंची. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर येतो. जुन्या मधुमेहींची बाहुली नीट विस्फारत नाही. म्हणजे ज्यांचा फोटो वाचता येत नाही, ते बरेचदा वयस्कर आणि जुने रुग्ण असतात, आणि रेटिनोपथीची भीतीही त्यांनाच जास्त. समजा, १००० मधुमेही तपासले, २०० जणांचे फोटो वाचता आले नाहीत आणि उरलेल्या ८०० पैकी १०० जणांत विकार सापडला. आपण लिहितो, १२.५ टक्के. त्या २०० जणांत एकालाही विकार नसेल तर प्रमाण १० टक्के, निम्म्यांना असेल तर २०. दहा आणि वीस यांच्या मधे कुठेतरी असलेली गोष्ट आपण दशांश चिन्हासकट छापतो.

आणि जे घरीच नसतात, ते? दुपारी धारावीत गेलात तर कामावरची पुरुषमंडळी भेटत नाहीत. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यात पाहणी काढलीत, तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं. दुसरीकडे, आपल्या शिबिरात जो चालत येतो, त्याला बहुधा आधीच अंधुक दिसायला लागलेलं असतं. शिबिराचा टक्का हा शिबिराचा; त्याला तालुक्याचा म्हणणं थांबवलं पाहिजे.

एवढी काटेकोर चिरफाड कशासाठी, असं कुणी विचारेल. तर एक साधा हिशेब मांडतो. एखाद्या तालुक्यात चाळिशीपुढचे १५,००० मधुमेही आहेत असं धरू. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट इंडिया’ पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये एकूण रेटिनोपथी १२.५ टक्के आणि दृष्टीला धोका असणारी ४ टक्के आढळली. त्यानुसार या तालुक्यात लेसर किंवा इंजेक्शनची वेळ आलेले ६०० जण. सुरुवातीचा ३४.६ चा आकडा ज्या २०१२ च्या जागतिक विश्लेषणातला, त्यात ३५ पाहण्या एकत्र करून दृष्टीला धोका असणाऱ्या रेटिनोपथीचं प्रमाण १०.२ टक्के आलं होतं. तो आकडा लावला तर १,५३० जण. लेसरची यंत्रं, इंजेक्शनचा खर्च, पडद्याचे डॉक्टर, सगळं अडीचपट. कमी धरलं तर लोक आंधळे होतील, जास्त धरलं तर यंत्रं धूळ खातील.

आणखी एक सावधगिरी. उपचार सुधारले आणि मधुमेही अधिक वर्षं जगू लागले, की समाजातलं रेटिनोपथीचं प्रमाण वाढू शकतं. हा वाढलेला टक्का अपयशाचा नसतो. म्हणून प्रमाणाबरोबर परिणामही मोजायला हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९-१० पर्यंत डायबेटिक रेटिनोपथी हे काम करण्याच्या वयातल्या लोकांच्या अंधत्व-नोंदणीचं पहिलं कारण उरलं नाही. निदान पाच दशकांत असं पहिल्यांदाच घडलं. त्यामागे देशव्यापी तपासणीचा मोठा वाटा मानला जातो. त्या तपासणीचं बोलावणं डॉक्टरांकडच्या मधुमेहींच्या यादीवरून जातं. तपासणी करणाऱ्यांना छेद नावानिशी माहीत होता. त्यामुळे कोण आलं नाही हेही कळत होतं.

आपल्याकडे तो छेद अगदीच नाही असं नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा जोखीम पाहणारा अर्ज भरतात, आरोग्य केंद्रात रक्तातली साखर बघितली जाते. फक्त ती यादी एकीकडे आणि आपला फंडस कॅमेरा दुसरीकडे. २०२३ च्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अहवालानुसार देशात मधुमेहींचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. आपल्या शेजारच्या या छोट्या राज्यात आणि आपल्या एक-दोन तालुक्यांत ही यादी आणि हा कॅमेरा जोडून पाहायला काय हरकत आहे?

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे एक ठराव ठेवतो. पुढच्या वर्षीपासून प्रमाण सांगणाऱ्या प्रत्येक निबंधाच्या पहिल्या तक्त्यात चार ओळी असाव्यात. छेदात कोण होतं आणि त्यांतले किती जण भेटलेच नाहीत. मधुमेह कसा ठरवला, विचारून की रक्त तपासून. डोळ्याचे किती भाग पाहिले आणि ग्रेडिंग कुणी केलं. किती फोटो वाचता आले नाहीत आणि त्या रुग्णांना पुढे तपासायला बोलावलं का. यातली शेवटची ओळ रिकामी असेल, तर तो निबंध आपण परत पाठवावा, लेखक कितीही ज्येष्ठ असो.

चर्चेत कठोर प्रश्न विचारा, माझ्या ठरावालाही.