खर्ज घरातच राहावा म्हणून



मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे धरणाच्या काठाने निघालो, की शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले दिसू लागतात. त्यांच्या दिवाणखान्यात गाण्याची यंत्रणा असते आणि हल्ली तिच्या जोडीला सबवूफरही येतो. सबवूफर म्हणजे केवळ खर्जातले आवाज देणारा मोठा स्पीकर. डग्ग्याची घुमक, पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार, यांचे मूळ सूर साधारण १०० हर्ट्‌झच्या खाली असतात. कपाटावरच्या लहान स्पीकरला ते झेपत नाहीत. डग्गा वाजतो, पण घुमत नाही.

जोडणी सोपी आहे. आधी सगळ्याची वीज बंद करावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'सब आउट' असे लिहिलेले असेल, तर तिथून पिनची एक वायर सबवूफरला नेली की झाले. जुन्या स्टिरिओला ही सोय नसते. पण कित्येक सबवूफरना स्पीकरच्या तारा घेण्याचीही जागा असते. तिथे अ‍ॅम्प्लिफायरवरून आणखी एक जोडी आणावी, लालला लाल आणि काळ्याला काळी. विभागणीचा नॉब ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. गाणे बंद असतानाही बारीक 'हूं' ऐकू आली, तर दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेऊन पाहावीत. अर्थिंगची तार काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर मात्र ऐकू नये. मुळशीच्या पावसात, ओल धरलेल्या भिंतींच्या घरात, तो जिवावर बेतेल.

खरी मेहनत आहे ती जागा शोधण्याची. ४० हर्ट्‌झची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे बहुतेक खोल्यांपेक्षा मोठी. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात ठेवला, की एखादाच सूर गुरगुरतो आणि दुसरा गायब होतो. यावर एक जुनी युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत फिरावे. जिथे खर्ज सारखा ऐकू येईल, ती त्याची जागा. घरचे हसतील, हसू द्यावे.

आता कुंपणापलीकडचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून पाचपेक्षा जास्त वर जाता कामा नये. पण हे 'ए' प्रकारचे माप कानाच्या कलाने चालते. ५० हर्ट्‌झच्या आवाजातून ते सुमारे ३० डेसिबल वजा धरते! म्हणजे मीटर समाधानी, आणि शेजारच्या वाडीत मांडणीवरची भांडी थरथरताहेत, असे होऊ शकते. तार आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, खर्ज आरपार जातो. शिवाय रात्री पाण्यालगतची हवा गार असते, आवाज खाली वाकतो आणि जलाशयावरून दूरवर पोचतो. पहाटे उठून भातखाचरात जाणाऱ्याला त्या ठोक्यांनी झोप कशी लागावी?

म्हणून एक करावे. गाणे चालू ठेवून रात्री कोणालातरी फाटकापर्यंत पाठवावे. गाणे ओळखू येत नाही पण ठोका ऐकू येतो, असे उत्तर आले, तर सबवूफरचा नॉब तेवढा खाली घ्यावा. आणि दहा वाजले, की त्याचे बटणच बंद करावे. लहान स्पीकरवर गाणे चालूच राहते.