जुनी गाडी, नवे ब्रेक

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. पण तो सल्ला मी तुम्हा सर्वांना लिफ्टमध्ये, पंगतीत आणि वाण्याच्या दुकानात गेली कित्येक वर्षं फुकट देत आलो आहे. म्हणून आज बी-विंगच्या जिन्याजवळ ताडपत्री पांघरून उभी असलेल्या वस्तूबद्दल बोलणार आहे. तिच्या आवाजाबद्दल आणि धुराबद्दल सोसायटीकडे आजवर तीन लेखी तक्रारी आल्या आहेत. तिन्ही रास्त आहेत. त्यातली एक आमच्या घरातूनच गेली होती.

ती गाडी म्हणजे राजदूत ३५०. मूळ यामाहाची आर.डी. ३५०, आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणली. ३४७ सी.सी.चं इंजिन, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीच्या गाडीची ताकद तीस अश्वशक्तीच्या आसपास होती. त्या काळात रुबाबदार समजली जाणारी बुलेट अठराच्या आसपास. १९८५ साली आलेली हिरो होंडा सी.डी. १०० सात-साडेसातची, पण पेट्रोल इतकं कमी प्यायची, की साऱ्या देशाने तिलाच पसंती दिली. आणि ते बरोबरच होतं. राजदूत ३५० महाग, पेट्रोलला अधाशी, सुटे भाग मिळायची मारामार. १९९० च्या आसपास तिचा कारभार आटोपला. पुढे धुराचे नियम कडक झाले, तशा बहुतेक सगळ्याच टू-स्ट्रोक मोटारसायकली गेल्या.

माझी भोर शाखेत बदली झाली ती १९८४ साली. १९८७ साली मी ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. आमच्या मंडळींचं म्हणणं होतं, "स्कूटर घ्या, निदान पुढे भाजीची पिशवी तरी राहील." मी ऐकलं नाही. भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यापर्यंत वसुलीला मी याच गाडीवरून जायचो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड नाव दिलं आहे. नाव योग्यच आहे, पण माझ्या तोंडी अजून वेल्हेच येतं.) तोरण्याच्या पायथ्याला मी पोचायच्या आत माझा आवाज पोचायचा, आणि म्हशीचं कर्ज घेतलेली मंडळी शेतात पसार व्हायची. साहेबांनी एकदा विचारलंही, "तुमची वसुली इतरांपेक्षा कमी का?" खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं काय आहे त्या गाडीत? सांगतो. इंजिन एका ठरावीक फेऱ्यांच्या खाली असेपर्यंत ती गरीब गायीसारखी चालते. त्यापुढे गेली, की मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटते. ज्याला ते जमलं त्याला वाटतं, आपण कोणी वेगळे आहोत. यातली गोम तुमच्या लक्षात आली का? गाडी सोपी नाही, हाच तिचा मोठेपणा होऊन बसतो. "ही सगळ्यांना झेपत नाही," असं आम्ही मालक लोक छाती फुगवून सांगतो. जो दोष, तोच गुण वाटायला लागतो.

आणि एक मोठा दोष होताच. जपानमधल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडच्या गाडीला पुढेही ड्रम ब्रेकच होता. वेग दुप्पट झाला, की गाडी थांबवायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागतं. त्यात टू-स्ट्रोक इंजिन उतारावर स्वतःहून गाडीला फारसं आवरत नाही. फोर-स्ट्रोक आवरतं. म्हणजे घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर. ड्रम आतून तापतो, तापला की लायनरची पकड सैल होते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच ब्रेक हात दाखवतो.

हे सगळं मला माहीत होतं. आता जे सांगतो ते मी या सभागृहात कधी सांगितलेलं नाही.

१९९१ सालचा ऑक्टोबर महिना. महाडला लग्न होतं. मी आणि माझा मेहुणा भोरहून वरंधा घाटाने निघालो. वाघजाईच्या देवळापाशी थांबलो, भजी खाल्ली, चहा घेतला. समोर सह्याद्रीचे कडे हिरवेगार. मी मेहुण्याला म्हणालो, "आता बघ गाडी कशी उतरते." त्याच्या दोन आठवडे आधी भोरच्या मेकॅनिकने मला बजावलं होतं, "साहेब, लायनर संपलंय, घाटात जाऊ नका." पुण्याला जाऊन लायनर आणायला माझ्याकडे वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दोन आठवड्यांत मी दोनदा पुण्याला जाऊन आलो होतो.

तिसऱ्या की चौथ्या वळणाला ब्रेकची मूठ हँडलला टेकली. दरीकडे जाण्यापेक्षा डोंगराकडे, एवढंच सुचलं. मी गाडी चरात घातली. मला खरचटलं. मेहुण्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तेव्हा मोबाइल नव्हते. एका ट्रकवाल्याने आम्हाला महाडपर्यंत नेलं. पायात सळई बसली, आठ महिने तो घरी होता. आजही पावसाळ्यात तो जिना चढताना कठड्याला धरतो.

गाडीचा दोष होता का? नाही. गाडी जशी होती तशी मला ठाऊक होती. मेकॅनिकने सांगितलेलं होतं. चूक सर्वस्वी माझी. मेहुण्याने तेहतीस-चौतीस वर्षांत मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत त्या गाडीचं नाव घेतलं नाही. 'ती' एवढंच म्हणायच्या.

तरी मी गाडी विकली नाही. का, याचं उत्तर मला बरीच वर्षं देता येत नव्हतं. ते मिळालं अगदी वेगळ्या ठिकाणी.

माझ्या चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत असतो. सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारायचा त्याला नाद आहे. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा पोरगा तसा विक्रमी वगैरे नाही, हौशी आहे. तो इथे आला तेव्हा म्हणाला, "काका, आमच्यातही तुमच्यासारखे लोक आहेत." १९९० च्या दशकात स्टिलेटो नावाची एक वेगवान, लंबवर्तुळाकार छत्री निघाली होती. आता तिच्याहून सरस छत्र्या आल्या. पण काही जण अजून जुनी सोडत नाहीत. उघडताना ती कधी एका अंगाला वळते, अंग जरा वाकडं राहिलं तरी सहन करत नाही. आणि ते लोक हेच कौतुकाने सांगतात!

मी त्याला विचारलं, "मग तुम्हाला भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "काका, पाठीवर दोन छत्र्या असतात. पहिली हौसेची. दुसरी राखीव, जीव वाचवायची. पहिली जुनी असली तर तिच्या दोऱ्या झिजतात, आखडतात, त्या वेळच्या वेळी बदलायच्या. आणि दुसरीची घडी दर १८० दिवसांच्या आत परवानाधारक माणसाकडून उलगडून, तपासून पुन्हा घालून घ्यायची, तसा अमेरिकेत नियमच आहे. न उघडताही सहा महिने झाले तरी घालायचीच."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी हौस जुनी होती, यात काही वाईट नव्हतं. माझी राखीव छत्रीही जुनी होती, ते वाईट होतं.

बँकेतल्या माणसाला एक गोष्ट चांगली कळते. बुडीत कर्जं वहीतून काढून टाकली, की राहिलेली खाती फार निरोगी दिसतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला मी जातो तेव्हा हेच आठवतं. "चाळीस वर्षं चालवतोय, काही झालं नाही," असं सांगणारे सगळे तिथे असतात. ज्यांना काही झालं, ते मेळाव्याला येत नाहीत. म्हणून अशा ठिकाणच्या अनुभवावर निम्माच विश्वास ठेवावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा नातू वीस वर्षांचा झाला. दिवाळीत तो म्हणाला, "आजोबा, किल्ली द्या." मुलगा नको म्हणाला, सूनबाई नको म्हणाल्या, आमच्या मंडळींनी तर स्वयंपाकघराचं दारच लावून घेतलं. मी दोन महिने मागून घेतले. पुढचे-मागचे लायनर नवे, ब्रेकची केबल नवी, दोन्ही टायर नवे. जुन्या टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर लाकडासारखं कडक झालं होतं. मग नातवाला बसवून मेहुण्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, एकही गोष्ट न लपवता. आणि अटी घातल्या. हेल्मेट आय.एस.आय.चं, पट्टा बांधलेलं. मागे कोणी बसवायचं नाही. रविवारी सकाळी भोरपर्यंत जायचं आणि परत यायचं, पुढे वरंध्याला नाही. घाटात जायचं तर नवी गाडी घे. २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचं आहे, चाक जाम होत नाही. तो दिखावा नाही, तीच आजची राखीव छत्री.

त्याने विचारलं, "आजोबा, मग ही कशाला ठेवायची?" मी म्हटलं, "सणाला पैठणी कशाला नेसतात? रोज नेसत नाहीत म्हणून."

किल्ली मी दिली. पण माझ्या हाताने नाही. मेहुण्याला बोलावलं आणि त्याच्या हातून दिली. तो गाडीजवळ गेला, पुढच्या ब्रेकची मूठ दोन-तीनदा दाबून पाहिली आणि म्हणाला, "हां, आता ठीक आहे." तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. मला त्याची माफी मागायची होती, ती सर्वांसमोर मागतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना, कारण सवय जात नाही. प्रत्येकाने उद्या सकाळी पार्किंगमध्ये आपल्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्कूटरचे तर जरूर बघा. आणि आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखाही एकदा वाचायला हरकत नाही. कार्यकारिणीने राग मानू नये.

इमारत जुनी होते, गाडी जुनी होते, माणसंही होतात. त्यांच्यावर माया करावीच. फक्त मायेच्या भरात लायनर बदलायचं राहून जाऊ नये.

 धुराबद्दलची चौथी तक्रार रविवारनंतर द्यावी.