चार्जच्या यादीत नसलेलं

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दिवेआगरच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पंचनामे झाले, झाडं मोजली गेली. मोजता न येणारं एक नुकसान मात्र राहूनच गेलं.

एरवी वाडीतली पोफळ जाते ती एखाद-दुसरी. आजोबा त्या जागी रोप लावतात, नातू शेजारी उभा असतो. शिकवणं असं वेगळं नसतंच. वादळानंतर अख्खी वाडी एकदम लावायची वेळ आली, तेव्हा नातू मुंबईला नोकरीत होता, नाहीतर गावातच पर्यटकांच्या खोल्या सांभाळत होता.

बियाण्याची सुपारी घ्या. चांगल्या, भरपूर धरणाऱ्या झाडाचं पूर्ण पिकलेलं, वजनदार फळ निवडावं. पाण्यात देठ वर करून उभं तरंगेल ते उत्तम. कोवळ्या खोडाला नैऋत्येकडचं ऊन भाजतं, म्हणून केळीची सावली हवी. एवढं कागदावर मिळतं, आणि जवळच श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही आहे. पण ढिगातलं चांगलं दिसणारं फळ आजोबा का टाकतात, ते कागदावर नसतं. चूक कळते पाच-सात वर्षांनी, झाड फळाला येतं तेव्हा. तोवर विचारायचं कोणाला?

दिवेआगरला लिहून ठेवण्याचं वावडं नाही. शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा मराठी ताम्रपट इथलाच. व्यवहार तांब्यावर कोरला गेला. वाडीची नजर कोरायचं कोणाला सुचलं नाही.

आपल्या कचेऱ्यांत तरी वेगळं काय होतं? साहेब निवृत्त होतात, चार्ज देतात. कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरं, खुर्च्यासुद्धा यादीत असतात. कोणती फाइल कुठे अडते आणि ती कशी सुटते, हे हार-नारळासकट घरी जातं. मग कोणीतरी ‘सगळं लिहून द्या’ म्हणतो. जाणकार दोन पानं लिहितो, आणि त्यात नेमकं सर्वांना ठाऊक असलेलंच येतं. लपवत नसतो तो. त्यालाच ते वेगळं जाणवत नाही.

माझ्या मते निवृत्तीच्या वर्षभर आधी नवा माणूस शेजारी बसवावा आणि त्यानं ‘कसं करता?’ असं विचारूच नये. ‘हे का टाकलंत?’ असं विचारावं, दर वेळी, फळ हातात असतानाच. उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी वहीत उतरवावं. वही जाणकारानं नाही, शिकणाऱ्यानं लिहावी.