मनाचे दुखणे लपवू नका
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलले जाते. टक्के, शिष्यवृत्त्या, प्रवेश आणि नोकऱ्या यांचा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु ज्या मनाने मुलाने अभ्यास करायचा, ते मनच आजारी असेल तर पुस्तके आणि शिकवण्या यांचा काय उपयोग? म्हणून आज मी मनाच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. तुमची मुले रोज पाच-सहा तास माझ्या डोळ्यांसमोर असतात, एवढाच माझा अधिकार.

आपल्या घरात कोणाला ताप आला, तर आपण संध्याकाळपर्यंत दवाखाना गाठतो. पण मुलगी महिनाभर जेवत नाही, रात्र-रात्र जागते, कोणाशी बोलत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? "नखरे आहेत." "कोणाची तरी नजर लागली." "बाहेरचा असर आहे." मग ताईत येतो, उतारा होतो, मिन्नत मागितली जाते. शेवटी अम्मी हळूच सांगते, "बाहेर कोणाला बोलू नका, उद्या हिचे लग्न व्हायचे आहे." या एका वाक्यापायी आपल्या समाजातील किती मुलींचे आणि मुलांचे आजार वर्षानुवर्षे घरातच कुजले असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे साधारण दहा माणसांत एक. आणि आजारागणिक पाहता ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. तेव्हा जमातीत हा आजार नाही असे जो म्हणतो, त्याला तो दिसत नाही इतकाच त्याचा अर्थ.

लपवण्याची आणि टाळण्याची किंमत काय असते, ते एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी गावी, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. तेथे ठेवलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. अशा ठिकाणी रुग्णाला आणून सोडतात ते बहुधा घरचेच लोक, आणि तेही तो बरा व्हावा या आशेने. आशा खरी होती, मार्ग चुकला होता. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, "मग दुआ सोडायची का?" मुळीच नाही. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही तेथे माणसे जातात. तेथे दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञांची सेवा सुरू झाली आणि मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. दुआही राहिली आणि दवाही मिळाली. जे तेथील मुजावरांना पटले, ते आपल्याला का पटू नये?

शिवाय मनाचा उपचार ही पश्चिमेकडून आलेली उसनी कल्पना आहे, असेही कोणी समजू नये. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू झैद अल-बल्खी नावाच्या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. इ. स. ९३४ मध्ये ते वारले. वैद्य लोक शरीराकडे पाहतात आणि मनाकडे दुर्लक्ष करतात, ही त्यांची तक्रार होती. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले: एक, ज्याचे कारण समजते ते, दुसरे, ज्याचे कारण दिसत नाही ते. घरात जशी औषधे ठेवतो, तसे चांगले विचार निरोगी काळातच मनात साठवून ठेवावेत आणि संकटात बाहेर काढावेत, असा त्यांचा सल्ला होता.

हीच दिशा विसाव्या शतकात शास्त्रशुद्ध झाली. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आणि पुढे १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी विचार बदलून भावना बदलण्याची उपचारपद्धती मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांची पद्धत आपल्याकडे रुजवली. ती समजण्यास कठीण नाही. समजा, एक मुलगा सहामाहीत गणितात नापास झाला. त्याच्या मनात येते, "मी नापास झालो, म्हणजे मी निकामी आहे. अब्बा कुवेतमध्ये राबतात आणि मी त्यांना तोंड दाखवण्याच्या लायकीचा नाही." मग तो पुस्तक उघडत नाही, मित्रांना टाळतो, आणि वार्षिक परीक्षेत पुन्हा नापास होतो. आता त्याला वाटते, आपला विचार खराच होता! समुपदेशक त्याला प्रश्न विचारतो: गणितात नापास झाल्याने इतर पाच विषयांतले गुण खोटे ठरतात का? एका पेपरवरून अख्ख्या माणसाची किंमत ठरते का? हाच निकाल तुझ्या मित्राचा असता तर तू त्याला निकामी म्हटले असतेस का? हळूहळू मुलगा म्हणू लागतो, "नापास झालो, वाईट वाटते, पण मी प्रयत्न करू शकतो." वाईट वाटणे राहते, कोसळणे थांबते. मग रोज चार गणिते, एवढेच छोटे काम त्याला नेमून दिले जाते. उपचार म्हणतात तो हा. आठवड्यातून एकदा पाऊण तास, तासभर बसायचे, आणि असे काही आठवडे चालवायचे. त्यात वेडेपणाचा शिक्का बसण्यासारखे काहीही नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर पुढे शिकलेला डॉक्टर. उदासीची औषधे दोन दिवसांत गुण देत नाहीत. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. रमजानमध्ये रोजे ठेवण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. लिथियमसारख्या औषधात शरीरातील पाणी कमी झाले तर धोका संभवतो. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. मनाची निगा ही रोजची गोष्ट आहे. तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. फजरला उठायचे असेल तर रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहून कसे भागेल? मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. रोज अर्धा तास चाला, खेळा, घाम येऊ द्या. एक वेळचे जेवण तरी घरच्या माणसांबरोबर घ्या. मनात सलणारी गोष्ट कागदावर लिहा, किंवा अम्मीला, खालाला, मोठ्या भावाला, नाहीतर आम्हा शिक्षकांपैकी कोणाला सांगा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, कशातच गोडी राहिली नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर केवळ सवयींवर विसंबू नका. उपचार घ्या.

पालकांनो, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मूल म्हणाले, "जगून काय करू?" तर त्याला नाटक समजू नका. जवळ बसवा आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलीस केसच्या भीतीने अशी गोष्ट झाकू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही.

"पैसा कोठून आणायचा?" हाही प्रश्न रास्त आहे. जिल्हा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीत बोलता येते. हा क्रमांक आजच आपल्या वहीत आणि मोबाईलमध्ये लिहून घ्या.

शेवटी एक विनंती. ज्या घरी मुलगा किंवा मुलगी मनाच्या दुखण्यावर उपचार घेत आहे, त्या घराविषयी लग्नकार्यात कुजबुज करू नका. तुमच्या कुजबुजीच्या भीतीनेच शेजारची अम्मी गप्प बसते आणि तिच्या मुलीचा आजार वाढत जातो. औषध घेऊन संसार करणारी, नोकरी करणारी, मुले वाढवणारी माणसे आपल्यातच आहेत. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो. मनाची गोळीही तशीच उघडपणे घेता येईल, असे वातावरण या सभागृहातल्या आपण साऱ्यांनी आपल्या मोहल्ल्यात निर्माण करायचे आहे. शाळा आपल्या परीने साथ देईल. सुरुवात मात्र घरातून व्हावी लागेल.