शिक्षकाचा कंठ आणि त्याची जपणूक



कामानिमित्त पुण्यास येणाऱ्या ग्रामीण शिक्षकांपैकी अनेकांना स्वारगेटचे एस. टी. स्थानक परिचित आहे. गाड्यांची घरघर, भोंगे आणि ध्वनिक्षेपकावरील सूचना यांच्या गदारोळात शेजारच्या सोबत्याशी बोलतानाही माणसाचा आवाज नकळत चढतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. गोंगाट वाढला की बोलणारा आपोआप मोठ्याने बोलू लागतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

प्रवाशाचा हा ताण गाडी सुटताच संपतो. द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींचा मात्र रोज तासन् तास चालतो. एकाच खोलीत पहिलीचे पाढे चाललेले असतात आणि त्यांवर तिसरीचा धडा शिकवावयाचा असतो. गुरुजींचा आवाज चढला की मुलांचाही चढतो, आणि पुन्हा गुरुजींचा.

बोलताना स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू एकमेकांवर आदळत असतात. स्त्रियांच्या बाबतीत हे सेकंदाला सुमारे २०० वेळा, म्हणजे मिनिटाला सुमारे १२,००० वेळा घडते. पुरुषांच्या बाबतीत त्याहून कमी. ओरडताना आघात जोराचा होतो. नांगर धरणाऱ्या हाताला घट्टे पडावेत, तशा या तंतूंवर कालांतराने बारीक गाठी येऊ शकतात आणि आवाज घोगरा होतो.

तेव्हा गोंगाटावर आवाजाने मात करण्याचा यत्न सोडून प्रथम गोंगाटच कमी करावा. एका इयत्तेचे तोंडी काम चालू असता दुसरीस लेखन द्यावे. लक्ष वेधण्यास टाळी अथवा घंटी आणि मैदानावर शिट्टी वापरावी. मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्यास कानी पडणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौपट होते. चार पावले पुढे जाणे हे ओरडण्याहून केव्हाही स्वस्त.

वर्गात पाण्याचा तांब्या असावा. वारंवार घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. फळा ओल्या फडक्याने पुसावा, म्हणजे खडूची धूळ उडत नाही. सर्दी-खोकल्यात घसा बसला असता कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती, असा समज आहे. परंतु त्यानेही अनेकांच्या स्वरयंत्रावर ताण येतो. खरी विश्रांती मौनाची. तंबाखू आणि धूम्रपान तर सर्वथा वर्ज्य.

आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसातज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. पुण्यात ससून रुग्णालयात तसा विभाग आहे. गिळताना त्रास होणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा श्वास अडणे ही लक्षणे दिसताच मुळीच थांबू नये. अतिवापराने आलेल्या गाठी वेळीच लक्षात आल्या, तर वाचोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने आणि बोलण्याची सवय बदलल्याने त्या पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतात.

घसा बसला तरी शिकवीत राहणे ही कर्तव्यनिष्ठा वाटते खरी. परंतु द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाचा आवाज गेला, तर निम्म्या शाळेचा पाठ बंद पडतो. म्हणून कंठाची जपणूक हाही शाळेच्या कामाचाच भाग समजावा.